पेट्सी : महासंगणकावरील उभारणी व वापर

पेट्सी ही आंशिक अवकल समीकरणांतून उभी राहणारी प्रचंड समीकरण-संहती शेकडो-हजारो प्रोसेसरांवर एकाच वेळी सोडवण्यासाठीची मुक्त स्रोत लायब्ररी आहे. ‘पोर्टेबल, एक्स्टेन्सिबल टूलकिट फॉर सायंटिफिक कॉम्प्युटेशन’ हे तिचे पूर्ण नाव. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत १९९१ मध्ये तिचे काम सुरू झाले. विल्यम ग्रोप, लोइस कर्फमन मॅकइनेस, बॅरी स्मिथ व सतीश बालाय यांचा तिच्या घडणीत मोठा वाटा आहे. ती सी भाषेत लिहिलेली असून फोर्ट्रान आणि पायथॉनमधूनही वापरता येते. हवेचा व पाण्याचा प्रवाह, भूजल, अणुभट्टीतील उष्णता, खडकातील ताण असे विषय हाताळणाऱ्या कितीतरी प्रणाली आतून पेट्सीवरच चालतात. फायरड्रेक, मूस आणि पीफ्लोट्रान ही त्यांतली ठळक नावे.

ज्या वर्षी पेट्सी सुरू झाली त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणन-संशोधन संस्थेने परम ८००० हा समांतर महासंगणक उभा केला. त्या काळी प्रत्येक यंत्राची प्रोसेसरांमध्ये संदेश पाठवण्याची पद्धत निराळी होती आणि एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर नेणे म्हणजे त्याचा बराचसा भाग नव्याने लिहिणे. एमपीआय हे संदेशवहनाचे प्रमाणक १९९४ मध्ये आले आणि पेट्सीची पुनर्रचना त्याच पायावर झाली. आज तोच प्रोग्राम लॅपटॉपवर दोन प्रोसेसवर (प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रतींवर) तपासून महासंगणकावर हजार प्रोसेसवर चालवता येतो. १९९९ मध्ये विमानाभोवतीच्या प्रवाहाच्या पेट्सी-आधारित गणनेला महासंगणनासाठीच्या गॉर्डन बेल पारितोषिकांपैकी विशेष पारितोषिक मिळाले.

उभारणी

राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनला २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. पुण्याच्या सी-डॅककडे आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे त्याची अंमलबजावणी आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील परम ब्रह्म हे या मिशनमधलेच यंत्र. अशा यंत्रांमुळे महासंगणकाचे खाते आता एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यालाही मिळू शकते, आणि त्यापुढचा पहिला अडथळा बहुधा गणिताचा नसतो, लायब्ररी उभी करण्याचा असतो. ही पायरी तांत्रिक सोपस्कार म्हणून उरकली जाते, हे योग्य नाही. कंपायलर (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन), एमपीआय, पूर्णांकाची लांबी, डीबगिंग (चुका शोधण्याची सोय) यांबाबत इथे जे ठरते त्यावर पुढची गणना किती वेगाने चालेल आणि चालेल तरी का, हे ठरते.

लॉगिन केल्यावर आधी मॉड्यूलची, म्हणजे यंत्रावर तयार असलेल्या सॉफ्टवेअरची, यादी पाहावी. यंत्राची देखभाल करणाऱ्यांनी पेट्सी आधीच बसवली असेल तर ती कोणत्या कंपायलरने आणि कोणत्या एमपीआयने बांधली आहे, हे तपासून तीच वापरणे सर्वांत चांगले. ती नसेल तर स्पॅक वापरता येते. लॉरेन्स लिव्हरमोर नॅशनल लॅबोरेटरीत जन्मलेली ही प्रणाली अवलंबून असलेल्या सगळ्या लायब्रऱ्या आपणहून बांधते. तरीही स्वतःच्या हाताने एकदा पेट्सी बांधून पाहावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण पुढे येणाऱ्या चुका ओळखता येतात त्या त्यामुळेच.

हाताने बांधताना तीन टप्पे येतात : कॉन्फिगर, मेक आणि मेक चेक. त्यांत खरे महत्त्व कॉन्फिगरचे. पायथॉनमध्ये लिहिलेली ही स्क्रिप्ट यंत्राची तपासणी करून काय उपलब्ध आहे ते नोंदवते. तिला कंपायलर म्हणून जीसीसी हा नेहमीचा सी कंपायलर थेट देण्याऐवजी एमपीआयचे आवरण असलेले एमपीआयसीसी द्यावे. बीएलएएस आणि लापॅक या सदिश-मॅट्रिक्स गणिताच्या पायाभूत लायब्रऱ्या डाउनलोड करून बांधता येतात, पण इंटेलच्या यंत्रावर एमकेएल ही इंटेलचीच गणित-लायब्ररी असेल तर ती जोडणे चांगले. म्युम्प्स, हायपर, पारमेटिस या सोबतच्या लायब्रऱ्याही कॉन्फिगरच्याच आदेशात मागता येतात. पेट्सीचा हा गुण फार मोलाचा आहे : एकमेकींशी जुळणाऱ्या आवृत्त्या शोधण्याची कटकट ती स्वतःकडे घेते. मात्र अनेक महासंगणकांवर बाहेरच्या इंटरनेटला वाट नसते. तेव्हा संकुचित फाइली दुसरीकडे उतरवून, यंत्रावर नेऊन, त्यांचा पत्ता कॉन्फिगरला द्यावा लागतो.

डीबगिंगचा पर्याय मुद्दाम बंद करावा लागतो. न सांगता तो चालूच असतो. प्रोग्राम लिहिताना हे वरदान आहे, कारण चुकीचा निर्देशांक किंवा बिघडलेली मेमरी लगेच पकडली जाते. पण हीच बांधणी मोठ्या गणनेला वापरली तर वेळ दुप्पट-तिप्पट लागू शकतो, आणि महासंगणकावर तो वेळ सर्वांच्या वाट्यातून जातो. म्हणून पेट्सी-आर्च या चलाला दोन नावे देऊन एकाच फोल्डरात दोन बांधण्या ठेवाव्यात, एक तपासणीची आणि एक कामाची. संमिश्र संख्या लागणार असतील तर तिसरी, कारण वास्तव आणि संमिश्र संख्या एकाच बांधणीत चालत नाहीत.

पूर्णांकाचा प्रश्न उशिरा लक्षात येतो. नेहमीच्या ३२ बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच मोजता येते. त्रिमितीय जाळीची प्रत्येक बाजू १२९० बिंदूंची असेपर्यंत एकूण अज्ञाते (शोधायची मूल्ये) या मर्यादेत बसतात. १२९१ झाली की ओलांडतात. त्याहून मोठ्या प्रश्नासाठी ६४ बिटांच्या निर्देशांकांची बांधणी हवी, आणि सोबतच्या लायब्रऱ्याही त्याला अनुरूप लागतात.

मेक चेक हा टप्पा टाळू नये. तो एका चौकोनी पोकळीतील प्रवाहाचे उदाहरण एका आणि मग दोन प्रोसेसवर चालवून पाहतो. लॉगिन नोडवर (महासंगणकाच्या ज्या संगणकावर आपण प्रवेश करतो त्यावर) एमपीआय चालवायला मनाई असेल तर हीच चाचणी कामे रांगेत लावणाऱ्या स्लर्म या प्रणालीच्या छोट्या जॉबमधून करावी. दोन चुका इथेच उघड होतात. एक म्हणजे प्रोग्राम एका एमपीआयने बांधलेला आणि चालवणारा आदेश दुसऱ्याचा. अशा वेळी बऱ्याचदा प्रोग्राम बंद पडत नाही. प्रत्येक प्रोसेस स्वतःला एकटीच समजते आणि एकच प्रश्न सगळ्या प्रोसेस स्वतंत्रपणे सोडवत बसतात. उत्तर बरोबर येते, म्हणूनच ही चूक फसवी. दुसरी चूक : लॉगिन नोडच्या प्रोसेसरसाठी खास अनुकूल करून बांधलेला प्रोग्राम वेगळ्या पिढीच्या कम्प्युट नोडवर (प्रत्यक्ष गणना करणाऱ्या संगणकावर) ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून थांबतो.

वापर

पेट्सीत सदिशासाठी व्हेक, मॅट्रिक्ससाठी मॅट, रेषीय समीकरणांसाठी केएसपी, अरेषीय समीकरणांसाठी स्नेस, काळानुसार पुढे सरकणाऱ्या प्रश्नांसाठी टीएस अशा वस्तू आहेत. मॅट्रिक्सच्या ओळी प्रोसेसांमध्ये वाटलेल्या असतात. कोणती पद्धत वापरायची ते प्रोग्राममध्ये लिहायची गरज नाही. चालवतानाच्या आदेशात केएसपी-टाइप (सोडवण्याची मुख्य पद्धत) आणि पीसी-टाइप (तिला वेग देणारी पूर्वतयारीची पद्धत) हे पर्याय दिले की पुन्हा कंपाइल न करता पद्धत बदलते. काहीच न सांगितल्यास जीएमआरईएस ही फेऱ्याफेऱ्यांनी उत्तराकडे जाणारी पद्धत आणि प्रत्येक प्रोसेसच्या तुकड्यापुरते अपूर्ण गुणकीकरण (मॅट्रिक्सची गुणकांत अंदाजे फोड) वापरले जाते. हा सुरक्षित आरंभ आहे, उत्तम निवड असेलच असे नाही.

उदाहरणादाखल पॉइसॉनचे समीकरण २००×२००×२०० बिंदूंच्या जाळीवर घेऊ. अज्ञाते ८० लाख, प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त सात शून्येतर संख्या, म्हणजे एकूण सुमारे ५.६ कोटी. प्रत्येकीला मूल्यासाठी ८ आणि स्तंभक्रमांकासाठी ४ बाइट लागतात, म्हणून मॅट्रिक्स ७० कोटी बाइटच्या आतच राहते. म्युम्प्ससारख्या थेट पद्धतीने ते सोडवायला गेले तर गुणकीकरणात नव्या शून्येतर संख्या भरत जातात आणि त्यांची संख्या अज्ञातांच्या चार-तृतीयांश घाताने वाढते : इथे तो आकडा १६० कोटी, आणि वर स्थिरांकाचा गुणाकार. मॅट्रिक्स सममित व धन-निश्चित असल्याने कॉन्जुगेट ग्रेडियंट ही फेऱ्यांची पद्धत साजते. पण नुसती वापरली तर जाळीची बाजू दुप्पट होताच फेऱ्याही जवळपास दुप्पट होतात. पीसी-टाइप गॅम्ग असे सांगून बहुजाल पद्धत (बारीक व जाड अशा अनेक पातळ्यांवर प्रश्न सोडवणारी) सोबत दिली, की जाळी कितीही बारीक केली तरी फेऱ्या साधारण तेवढ्याच राहतात. दुप्पट प्रोसेसर मागण्यापेक्षा हा एक पर्याय बदलणे कितीतरी अधिक कामाचे ठरते. अज्ञाते कोटींत गेली की पद्धतीच्या निवडीपुढे यंत्राचा आकार दुय्यम होतो.

प्रोसेसची संख्या किती असावी? पेट्सीच्या निर्मात्यांचा सल्ला असा : प्रत्येक प्रोसेसच्या वाट्याला किमान १०,००० अज्ञाते यावीत, २०,००० किंवा अधिक असतील तर उत्तम. वरच्या उदाहरणात त्यामुळे ४०० प्रोसेस योग्य आणि ८०० ही वरची मर्यादा. त्यापुढे गणनेपेक्षा संदेशवहनातच वेळ जातो.

नोडच्या आतही एक मर्यादा आहे. विरल (बहुतेक शून्येच असलेल्या) मॅट्रिक्सला सदिशाने गुणताना मेमरीतून १२ बाइट आणले की एक गुणाकार आणि एक बेरीज एवढेच काम होते. म्हणजे वेग प्रोसेसरच्या घड्याळावर ठरत नाही, मेमरीतून माहिती येण्याच्या गतीवर ठरतो. आडात झऱ्याचे पाणी ठरल्या वेगानेच येत असेल तर पोहरे वाढवून घागरी लवकर भरत नाहीत. तसेच ४८ कोअरच्या नोडवर अर्ध्या कोअरनंतर फारसा वेग न वाढणे अगदी संभवते. मेक स्ट्रीम्स ही पेट्सीसोबतची चाचणी नेमके हेच मोजून दाखवते. प्रोसेस नोडमधल्या दोन्ही सॉकेटांवर (प्रोसेसर-चिपांवर) समान वाटल्या गेल्या आहेत ना, हेही तिथेच कळते.

लॉग-व्ह्यू हा पर्याय प्रत्येक जॉबला लावावा. गणना संपताना कोणत्या कामाला किती वेळ लागला, प्रोसेसांमध्ये कामाची विभागणी किती विषम झाली, किती संदेश गेले, याचा तक्ता तो छापतो आणि बांधणी डीबगिंगची असेल तर ठळक चौकटीत इशारा देतो. नवख्यांचा वेळ अनेकदा समीकरणे सोडवण्यात जात नाही, मॅट्रिक्स भरण्यातच जातो. जुन्या आवृत्त्यांत प्रत्येक ओळीत किती संख्या येणार हे आधी सांगितले नाही तर मेमरी पुनःपुन्हा मागावी लागे आणि भरणे भयंकर मंदावे. २०२३ च्या ३.१९ आवृत्तीपासून हा त्रास बराच कमी झाला.

ग्राफिक्स प्रोसेसरांवर पेट्सी चालवायची असेल तर कॉन्फिगर करतानाच कुडा, हिप किंवा कोकोस या ग्राफिक्स प्रोसेसरांसाठीच्या प्रणालींपैकी योग्य ती जोडावी लागते. पुढे सदिश आणि मॅट्रिक्सचा प्रकार पर्यायातून बदलला की तोच प्रोग्राम त्या प्रोसेसरांवर चालतो. मॅट्रिक्स मात्र मुख्य प्रोसेसरवर भरून दर वेळी पलीकडे पाठवले जात असेल तर मिळालेला वेग ने-आणीतच जातो, आणि लॉग-व्ह्यूच्या तक्त्यात त्या ने-आणीचे वेगळे स्तंभ असतात.