कोटणीसांनी ज्या युद्धातल्या जखमा शिवल्या, ते युद्ध सुरू कसे झाले

सोलापुरात डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. 1938 साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले, आघाडीमागच्या रुग्णालयांत राबले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, तिकडेच गेले. त्यांचा त्याग आपण अभिमानाने सांगतो. पण ज्या युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करता करता हा माणूस झिजला, त्या युद्धाच्या मुळाशी एक रचलेली खोटी घटना होती, हे फारसे कोणी सांगत नाही.

18 सप्टेंबर 1931 च्या रात्री चीनच्या ईशान्येकडील मांचुरियातल्या मुकदेन शहराजवळ, जपानच्या ताब्यातल्या रेल्वेमार्गावर एक स्फोट झाला. स्फोट इतका किरकोळ होता की थोड्याच वेळात त्याच रुळांवरून एक गाडी सुखरूप पुढे गेली. तरीही चिनी सैनिकांनी घातपात केला असे जाहीर करून जपानच्या तिथे तैनात असलेल्या क्वांतुंग सैन्याने चिनी छावणीवर तोफा डागल्या आणि सकाळपर्यंत मुकदेन घेतले. सुरुंग जपानी अधिकाऱ्यांनीच लावला होता. सेइशिरो इतागाकी आणि कांजी इशिवारा हे कटाचे सूत्रधार.

टोकियोतल्या मंत्रिमंडळाला हे युद्ध नको होते. सैन्याला आवर घालण्याचे त्याने प्रयत्न केले, पण वृत्तपत्रांनी सैन्याची कहाणी जशीच्या तशी छापली, लोक पेटले, आणि सरकार एकेक पाऊल मागे सरत डिसेंबरात कोसळले. पुढचे पंतप्रधान इनुकाई यांचा मे 1932 मध्ये नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी खून केला. या प्रकरणातली मला सर्वात भयंकर वाटणारी गोष्ट हीच. खोटे फक्त शत्रूविषयी बोलले गेले नव्हते. ते आपल्याच सरकारला आणि आपल्याच जनतेला फरफटत नेण्यासाठी बोलले गेले होते.

पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) लॉर्ड लिटन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ पाठवले. त्या रात्रीची जपानी कारवाई रास्त स्वसंरक्षण मानता येणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. फेब्रुवारी 1933 मध्ये राष्ट्रसंघात 42 विरुद्ध 1 अशा मतांनी तो अहवाल स्वीकारला गेला. विरोधातले एकमेव मत जपानचे. त्यांचे प्रतिनिधी सभागृहातून उठून गेले आणि जपानने राष्ट्रसंघच सोडला. मांचुरिया जपानकडेच राहिला. 1937 च्या जुलैत पेकिंगजवळच्या (आजच्या बीजिंगजवळच्या) मार्को पोलो पुलावर एक जपानी सैनिक बेपत्ता झाल्याचे निमित्त झाले. तो परत आला, तरी चकमक थांबली नाही आणि तिचे सर्वंकष युद्ध झाले. त्याच युद्धात पुढच्या वर्षी कोटणीस पोहोचले.

महायुद्धानंतर जेत्या राष्ट्रांनी जपानी नेत्यांवर चालवलेल्या टोकियोच्या खटल्यात इतागाकी दोषी ठरला आणि डिसेंबर 1948 मध्ये फासावर गेला. इशिवारावर आरोपच ठेवला गेला नाही. कटातला एक अधिकारी, तादाशी हानाया, याने 1956 मध्ये सगळी हकीकत छापून सांगितली. स्फोटाला तेव्हा 25 वर्षे होत आली होती. त्याच खटल्यात भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे भिन्न मत दिले. आक्रमक युद्ध हा तेव्हाच्या कायद्याने गुन्हा नव्हता आणि जेत्यांनी जितांचा न्याय करू नये, असे ते म्हणत. निर्दोष ठरवणे मला पटत नाही. पण जेत्यांबद्दलचा त्यांचा प्रश्न तेव्हाही खरा होता आणि पुढे अधिकच खरा ठरला.

ऑगस्ट 1964 मध्ये व्हिएतनामजवळ टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर दोनदा हल्ला झाल्याचे सांगण्यात आले. दुसरा हल्ला झालाच नव्हता. अमेरिकी संसदेने मात्र 416 विरुद्ध 0 आणि 88 विरुद्ध 2 अशा मतांनी अध्यक्ष जॉन्सन यांना हवा तो अधिकार देऊन टाकला. त्या युद्धात 58 हजारांवर अमेरिकी सैनिक आणि लाखो व्हिएतनामी माणसे मेली. 1973 मध्ये अध्यक्षाच्या युद्धाधिकारांवर मर्यादा घालणारा कायदा आला. खोटे बोलल्याबद्दल शिक्षा कोणालाच झाली नाही.

इराकचे प्रकरण आपल्या डोळ्यांदेखत घडले. सद्दाम हुसेन 45 मिनिटांत संहारक अस्त्रे सज्ज करू शकतो, असा दावा ब्रिटिश सरकारने सप्टेंबर 2002 मध्ये छापला. युद्धाला मान्यता देणारे मतदान ब्रिटिश संसदेत मार्च 2003 मध्ये झाले, 412 विरुद्ध 149. ज्येष्ठ मंत्री रॉबिन कुक यांनी आदल्या दिवशी राजीनामा दिला होता. अस्त्रे सापडली नाहीत. या युद्धाची ब्रिटनमध्ये झालेली अधिकृत चौकशी म्हणजे चिलकॉट चौकशी, तिचा 26 लाख शब्दांचा अहवाल जुलै 2016 मध्ये आला: युद्ध हा शेवटचा पर्याय नव्हता, आणि धोका ज्या खात्रीने सांगितला गेला त्या खात्रीला आधार नव्हता. हल्ल्याच्या आठ महिने आधीच ब्रिटिश पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांना ‘काहीही झाले तरी मी तुमच्याबरोबर आहे’ असे लिहून दिले होते, हेही उघड झाले. ब्लेअर यांनी दुःख व्यक्त केले, निर्णय मात्र चुकला म्हणाले नाहीत. संसदेची दिशाभूल केली का याची चौकशी करा, हा प्रस्ताव त्याच सभागृहाने नोव्हेंबर 2016 मध्ये 439 विरुद्ध 70 मतांनी फेटाळला. 2013 मध्ये सीरियावरच्या कारवाईला याच संसदेने 13 मतांनी नकार दिला, तो इराकमुळे पोळलेल्या खासदारांचा नकार होता. या सगळ्यातून हाती लागलेली ती एकच ठोस गोष्ट.

आपल्याकडे 1939 मध्ये खोटे बोलण्याचीही गरज पडली नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. नऊ वर्षांपूर्वी मार्शल लॉ सोसलेल्या सोलापूरला विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता. प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी, मुंबईच्या खेर मंत्रिमंडळानेही, राजीनामे दिले.

स्वतंत्र भारतात 1962 चे युद्ध चालू असतानाच वाजपेयींसह विरोधकांनी संसदेचे अधिवेशन मागितले आणि नेहरूंनी ते 8 नोव्हेंबरला बोलावले. कृष्ण मेनन यांना संरक्षण खाते सोडावे लागले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला. पराभवाची मीमांसा करणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल मात्र 1963 मध्ये सरकारकडे गेला तो आजपर्यंत सरकारने खुला केलेला नाही. माहिती अधिकारातही तो नाकारला गेला, आणि 2014 मध्ये त्याचा काही भाग इंटरनेटवर आला तो एका परदेशी पत्रकारामुळे. कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल, काही मजकूर झाकून का होईना, 2000 मध्ये संसदेपुढे आला. म्हणजे इथे ते जमते. भारताने युद्धात उतरण्याआधी संसदेचे मत घेतलेच पाहिजे, असे बंधन राज्यघटनेत नाही. सोलापूरच्या खासदाराला आपण हे कधी विचारत नाही. ते बंधन घालण्याबद्दल त्यांचे मत काय, हे विचारायला हवे, आणि तेही शांततेच्या काळात. तोफा सुरू झाल्यावर असे प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही ठरवायला वेळ लागत नाही.