व्यावसायिक कुस्ती आणि दूरचित्रवाणी

व्यावसायिक कुस्ती म्हणजे कुस्तीच्या रूपात सादर होणारे नाट्य. जिंकणार कोण हे आधी ठरलेले असते. तिथवर कसे पोचायचे हे मात्र दोन मल्ल थोडे आधी आणि बरेचसे रिंगमध्येच ठरवतात, पकड आवळताना एकमेकांच्या कानात कुजबुजून आणि लोक कशाला दाद देतात ते ऐकत. 'नुरा कुस्ती' म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. पण नुरा कुस्तीत पैसे मोजणाऱ्याला अंधारात ठेवलेले असते. इथला प्रेक्षक सगळे जाणून येतो आणि तरीही आवडता मल्ल पडला की त्याच्या पोटात कालवते. हे कसे साधायचे, यातच या कलेचा कस लागतो.

या नोंदीचा भर अमेरिकेवर आहे, कारण टीव्हीवरच्या कुस्तीचा धंदा आज ज्या रूपात दिसतो ते रूप तिथे घडले. तो इतिहास वाचताना एक धागा हाती लागतो: पैसे कोण मोजतो हे बदलले की कुस्तीही बदलते. तिकीट काढणारा, घरबसल्या एखादी रात्र विकत घेणारा आणि चॅनेलचा मालक, या तीन गिऱ्हाइकांसाठी तीन वेगळ्या तऱ्हेच्या कुस्त्या झाल्या.

रिंगमधली बोली

धंद्याचे बरेच शब्द जत्रांतून आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत गावोगाव फिरणाऱ्या जत्रांत कुस्तीचे तंबू असत आणि बाहेरच्याला कळू नये म्हणून तिथली माणसे सांकेतिक बोलत. 'केफेब' हा त्यातला कळीचा शब्द: समोर चालले आहे ते खरेच आहे हा आव न सोडणे. ठरवून केलेले ते 'वर्क', खरोखर घडलेले ते 'शूट'. सज्जन मल्ल 'फेस', दुर्जन 'हील', आणि एकाचा दुसरा झाला की तो 'टर्न'. कोण जिंकणार, कोणाचे वैर किती महिने ताणायचे हे ठरवणारा तो 'बुकर'. पडणे म्हणजे 'बंप', आणि मार लागल्याचे लोकांना पटवून देणे म्हणजे 'सेलिंग'.

बंप खोटा नसतो. रिंगचा सांगाडा पोलादी असतो, त्यावर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि कॅनव्हास. हनुवटी छातीशी घट्ट धरायची, पाठीचा वरचा भाग सपाट टेकवायचा आणि हात पसरून आपटायचे, म्हणजे आघात अंगभर वाटला जातो. वाटला जातो, नाहीसा होत नाही.

नवखा प्रेक्षक सामन्यातले डाव मोजतो, मुरलेला प्रेक्षक सेलिंग पाहतो. पहिल्या दहा मिनिटांत दुखावलेला गुडघा शेवटच्या मिनिटालाही दुखला पाहिजे. याचा उत्तम दाखला म्हणजे २३ मार्च १९९७ रोजी शिकागोजवळच्या रोझमाँट येथे झालेल्या रेसलमेनिया या वार्षिक सोहळ्याच्या तेराव्या खेपेतील ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन यांचा सामना. हार्ट सज्जन म्हणून आला होता, ऑस्टिन दुर्जन. शेवटी ऑस्टिन हार्टच्या 'शार्पशूटर' पकडीत सापडला, कपाळावरून रक्त वाहत होते, पण त्याने हार मानली नाही. त्याची शुद्ध हरपली तेव्हा पंचाने सामना थांबवला. हार्ट जिंकला, आणि जिंकूनही निपचित पडलेल्या माणसावर तुटून पडला. तेवढ्या वेळात सभागृहाने बाजू बदलली. दोन्ही मल्लांचा टर्न एकाच सामन्यात, कुस्तीच्या भाषेतच झाला. टीव्हीवरच्या कुस्तीने याहून नेटकी गोष्ट सांगितलेली दाखवणे कठीण आहे.

टीव्हीने या कलेला काही सवयी लावल्या. रिंगच्या एका बाजूला मुख्य कॅमेरा पक्का बसवलेला असतो. मल्ल वेदनेने कळवळताना तोंड त्याच्याकडे करतात, विजयाचा हातही तिकडेच उंचावतात. जाहिरातींची वेळ पंचाच्या कानातल्या यंत्रातून कळते. ब्रेकच्या आधी फेस दोरांवरून बाहेर झेप घेतो आणि जाहिराती संपेपर्यंत हील वरचढ झालेला असतो. हा साचा इतका रुळला आहे की नेहमीचा प्रेक्षक झेप पाहूनच पाणी प्यायला उठतो.

तिकिटाचा काळ

१९२० च्या दशकात एड 'स्ट्रँगलर' लुईस, बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी तासन्‌तास चालणाऱ्या जमिनीवरच्या झटापटीला फाटा देऊन वेगवान, भडक सामने आणले आणि मल्लांचा कायमचा ताफा बांधला. पुढे १९४८ मध्ये आयोवा राज्यातील वॉटर्लू येथे प्रादेशिक प्रमोटरांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स स्थापन केली. प्रत्येकाचा मुलूख ठरलेला, त्याला 'टेरिटरी' म्हणत. दुसऱ्याच्या मुलखात शिरायचे नाही, आणि सर्वांचा एकच जगज्जेता गावोगाव फिरून स्थानिक नायकांशी लढेल, अशी ती व्यवस्था. ही मक्तेदारी सरकारच्या नजरेतून सुटली नाही. १९५६ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने संघटनेला स्पर्धा रोखणाऱ्या प्रथा सोडण्याच्या करारावर सही करायला लावली. टेरिटऱ्या मात्र टिकल्या.

नव्याने आलेल्या टीव्हीला स्वस्त कार्यक्रम हवे होते. रिंग लहान, प्रकाश पुरेसा, कॅमेरे थोडे लागतात, म्हणून कुस्ती त्याला सोयीची पडली. ड्युमाँट वाहिनीने शिकागोच्या मॅरिगोल्ड सभागृहातून कुस्ती दाखवली. सोनेरी कुरळे केस, भरजरी झगे आणि अत्तर फवारणारा नोकर घेऊन येणारा गॉर्जस जॉर्ज याच काळात घराघरांत पोचला. लोक त्याला हरताना पाहायला येत. हील हाच धंद्याचा खरा कमावता पुत्र, हे त्याने सिद्ध केले.

टेरिटरीच्या काळात टीव्हीवरचा तास ही मुळात जाहिरात होती. त्यात नावाजलेले मल्ल नवशिक्यांना चटकन लोळवत, मग मुलाखत देऊन वैर पेटवत. खरा सामना बघायचा तर तिकीट काढून सभागृहात यावे लागे. त्यामुळे बुकरला संयम पाळावा लागे. आज सगळे दाखवले तर पुढच्या महिन्यात सभागृह रिकामे राहणार. ब्रूनो सॅमार्टिनो १७ मे १९६३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बडी रॉजर्सला ४८ सेकंदांत हरवून विजेता झाला आणि साडेसात वर्षांहून अधिक काळ विजेता राहिला. १८ जानेवारी १९७१ रोजी त्याच सभागृहात आयव्हन कोलॉफने त्याला चीत केले तेव्हा अशी शांतता पसरली की आपले कानच गेले असे वाटल्याचे सॅमार्टिनोने पुढे अनेकदा सांगितले. तशी शांतता एका रात्रीत तयार होत नाही. तिच्यामागे वर्षानुवर्षे एकाच माणसावर टाकलेला विश्वास होता.

एक कंपनी, एक देश

व्हिन्सेंट के. मॅकमहन यांनी १९८२ मध्ये वडिलांकडून ईशान्येकडील कंपनी विकत घेतली आणि टेरिटऱ्यांच्या सीमा ओलांडल्या. केबल टीव्ही देशभर पोचत होता. इतरांचे मल्ल आणि टीव्हीवरच्या वेळा विकत घेत वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन अमेरिकाभर पसरली. ३१ मार्च १९८५ च्या पहिल्या रेसलमेनियाने हल्क होगनला कुस्तीबाहेरच्या लोकांतही नाव दिले. २९ मार्च १९८७ रोजी पाँटिअॅक सिल्व्हरडोममध्ये त्याने आंद्रे द जायंटला उचलून आपटले, तेव्हा कंपनीने ९३,१७३ प्रेक्षक जाहीर केले. या आकड्यावर चाहते आजही वाद घालतात. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी एनबीसीवर दाखवलेला या दोघांचा पुढचा सामना सुमारे ३ कोटी ३० लाख लोकांनी पाहिला.

आता मोठे गिऱ्हाईक होते पे-पर-व्ह्यू, म्हणजे एका रात्रीच्या प्रक्षेपणाचे वेगळे पैसे, मोजणारे कुटुंब. वर्षाला चार मोठ्या रात्री, आणि मधले महिने त्या दिशेने गोष्ट सरकवायला. या लयीत वैर मुरायला वेळ मिळे. १९९५ पासून या रात्री महिन्याला एक झाल्या आणि गोष्टी चार आठवड्यांत आटपू लागल्या. ही लय मोडली तेव्हाच लांब पल्ल्याच्या बुकिंगचे कंबरडे मोडले, असे म्हणायला हरकत नाही.

१९८९ मध्ये कंपनीने न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे ही खरी स्पर्धा नसून मनोरंजन असल्याचे सांगितले. उद्देश क्रीडा आयोगाचे नियंत्रण आणि कर टाळण्याचा होता. अनेक दशके जपलेले केफेब असे करासाठी सोडले गेले. प्रेक्षक मात्र कुठेही गेले नाहीत. त्यांना आधीपासूनच ठाऊक होते.

सोमवारची लढाई

४ सप्टेंबर १९९५ रोजी टेड टर्नर यांच्या टीएनटी चॅनेलवर वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग या प्रतिस्पर्धी कंपनीचा 'नायट्रो' सुरू झाला, तोही वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनच्या 'रॉ' या साप्ताहिक कार्यक्रमाच्या सोमवारीच. जुलै १९९६ मध्ये होगन दुर्जन झाला आणि नायट्रोने सलग ८३ आठवडे रॉला मागे टाकले. दुसरीकडे ९ नोव्हेंबर १९९७ रोजी माँट्रियलमध्ये मॅकमहन यांनी कंपनी सोडून चाललेल्या ब्रेट हार्टला न सांगता निकाल फिरवला आणि घंटा वाजवायला लावली. त्या खऱ्या विश्वासघातातून 'मिस्टर मॅकमहन' हा दुष्ट मालक जन्मला, आणि त्याच्याविरुद्ध ऑस्टिन उभा राहिला. १३ एप्रिल १९९८ रोजी रॉने आघाडी परत घेतली.

स्पर्धेने दोन्ही कंपन्यांकडून कमालीचे काम करून घेतले, पण आठवड्याच्या रेटिंगपायी ठेवणीतले दागिनेही मोडले गेले. ६ जुलै १९९८ रोजी अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये गोल्डबर्गने होगनला नायट्रोवर, म्हणजे फुकट, हरवले. लाखो घरांनी ज्यासाठी पैसे मोजले असते असा सामना एका सोमवारच्या आकड्यासाठी खर्ची पडला. ४ जानेवारी १९९९ रोजी तर नायट्रोच्या निवेदकाने, समोरच्या चॅनेलवर मिक फोली विजेता होणार, हा आधीच चित्रित झालेला निकाल टिंगल म्हणून सांगून टाकला. प्रेक्षक ते पाहायला तिकडे गेले. लाडका माणूस जिंकणार हे कळल्यावर गोडी कमी होत नाही, वाढते, हे साधे सत्य त्या निवेदनामागच्या लोकांना उमगले नव्हते.

२००१ मध्ये टर्नरच्या चॅनेलांवर नव्या व्यवस्थापनाने कुस्ती बंद केली. टीव्हीवरची वेळ गेली तशी कंपनीची किंमत गेली, आणि प्रतिस्पर्ध्याने ती फार थोड्या पैशांत घेतली. २६ मार्च २००१ चा नायट्रो शेवटचा. ब्रिटनमध्येही शनिवारी दुपारी आयटीव्हीवर दिसणारी कुस्ती १९८८ मध्ये बंद झाल्यावर तिथला धंदा असाच ओसरला होता. जपानमध्ये मात्र १९५४ पासून, म्हणजे रस्त्यावरच्या टीव्हीसमोर जमून लोक रिकिडोझान या मल्लाला पाहत तेव्हापासून, ही परंपरा स्वतःच्या बळावर वाढली; तिच्यासाठी स्वतंत्र नोंदच हवी.

हक्कांचा पैसा

मैदान मोकळे झाल्यावर गिऱ्हाईक पुन्हा बदलले. २०१४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने (वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचे नवे नाव) महिना ९.९९ डॉलरमध्ये स्वतःचे स्ट्रीमिंग सुरू केले आणि पे-पर-व्ह्यूचे दुकान स्वतःच बंद करत आणले. २०१९ मध्ये फॉक्सने 'स्मॅकडाउन' या कंपनीच्या दुसऱ्या साप्ताहिक कार्यक्रमासाठी पाच वर्षांचे १ अब्ज डॉलर दिले. जानेवारी २०२५ पासून रॉ नेटफ्लिक्सवर गेला. करार दहा वर्षांचा आणि ५ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा. चॅनेलला थेट प्रक्षेपण हवे असते, वर्षाचे ५२ आठवडे, खंड न पडता. म्हणूनच जुलै २०१२ पासून रॉ तीन तासांचा झाला होता. तीन तास भरायला तेच मल्ल पुन्हा पुन्हा भिडवावे लागले आणि विजय-पराजयाला अर्थ उरला नाही.

२०२० च्या महामारीत रेसलमेनिया रिकाम्या सभागृहात झाला. त्या वर्षी कंपनीचा नफा आधीच्या कोणत्याही वर्षापेक्षा जास्त होता. प्रेक्षकाशिवाय धंदा चालतो हे हिशेबाच्या वहीने दाखवले. ज्यांनी ते निःशब्द सामने पाहिले त्यांना मात्र कळले की त्यात कुस्ती कुठेच नव्हती. दोन माणसे धडपडत होती आणि दखल घ्यायला कोणी नव्हते.

तरी लोकांचा आवाज अजून चालतो. जानेवारी २०१४ मध्ये पिट्सबर्गला रॉयल रंबल या अनेक मल्लांच्या सामन्यात लोकांचा लाडका डॅनियल ब्रायन उतरणारच नाही हे लक्षात येताच सभागृहाने विजेत्याची हुर्यो केली. एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्सला ब्रायन जगज्जेता झाला. २०२४ च्या सुरुवातीला कोडी ऱ्होड्सची रेसलमेनियातील जागा द रॉकला देण्याचा बेत दिसताच चाहते उसळले, बेत बदलला आणि एप्रिलमध्ये ऱ्होड्सने रोमन रेन्सची १,३१६ दिवसांची सद्दी संपवली. ऑल एलीट रेसलिंग ही दुसरी मोठी कंपनी २०१९ मध्ये उभी राहिली तीही अशाच अस्वस्थ प्रेक्षकाच्या जोरावर. एकच दुकान असलेल्या बाजारात मल्लाला भाव मिळत नाही आणि प्रेक्षकाला निवड, त्यामुळे तिचे टिकणे दोघांच्याही हिताचे आहे.

मल्लांचे स्थान

एवढ्या उलाढालीत रेसलर मात्र कागदोपत्री नोकर नसतो. त्याला स्वतंत्र कंत्राटदार मानले जाते, पण तो दुसरीकडे काम करू शकत नाही आणि त्याचे नावसुद्धा बहुधा कंपनीच्या मालकीचे असते. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट छतावरून दोरीने उतरताना पडून मरण पावला, आणि त्या रात्रीचा कार्यक्रम पुढे चालू ठेवला गेला. तो थांबवायला हवा होता. नोव्हेंबर २००५ मध्ये एडी गरेरो अडतिसाव्या वर्षी गेल्यानंतर कंपनीने औषधांची आणि हृदयाची नियमित तपासणी सुरू केली. डोक्यावर खुर्ची मारणे २०१० मध्ये बंद झाले.

मल्ल आणि निवेदक जेसी व्हेंचुरा यांनी १९८६ मध्ये सहकाऱ्यांना संघटना बांधण्यासाठी एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. तो फसला. पुढे त्यांनी आपल्या आवाजाच्या व्हिडिओ कॅसेटींच्या मानधनासाठी दावा लावला आणि ८ लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळवली. त्यांचा दावा यशस्वी झाला, संघटना मात्र अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या कुस्ती कंपनीत अजून उभी राहिलेली नाही.