पोहऱ्याच्या साखळीतलं गणित

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एक जुना लाकडी पोहरा आहे. विहिरीचं पाणी शेंदायचा, ओकच्या फळ्यांचा, राज्याच्या दक्षिण टोकाकडच्या एका शेतावर सापडलेला. १९२५ पासून पर्ड्यू आणि इंडियाना या दोन विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यात जो जिंकेल, त्याच्याकडे तो वर्षभर राहतो. जिंकणारा पोहऱ्याच्या साखळीत आपल्या आद्याक्षराची एक कडी अडकवतो. पर्ड्यूची ‘पी’, इंडियानाची ‘आय’. पहिलीच कडी मात्र ‘आयपी’ अशी जोडकडी आहे, कारण १९२५ चा तो सामना ०-० असा बरोबरीत सुटला होता.

माझा भाचा पर्ड्यूला शिकतो. ३० नोव्हेंबर २०२४ ला इंडियानाने पर्ड्यूला ६६-० असं धुतलं. त्या हंगामात पर्ड्यूच्या नावावर १ विजय आणि ११ पराभव. मी सांत्वनाला फोन केला तर पठ्ठ्या म्हणतो, “मावशी, तू साखळी मोज. आमच्या कड्या अजून कितीतरी जास्त आहेत.”

खोटं बोलत नव्हता. पण मग शंभर वर्षांच्या कड्या मोजून आपण नेमकं काय मोजतो? संघाचं बळ, वय, की नशीब?

आधी थोडी ओळख. हा फुटबॉल आपला नव्हे. अंडाकृती चेंडू, शिरस्त्राणं आणि धडकाधडकीचा अमेरिकन फुटबॉल. विद्यापीठांचे संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत खेळतात. पर्ड्यू आणि इंडियाना ज्या गटात आहेत त्याचं नाव ‘बिग टेन’, म्हणजे दहा जणांचा. त्यात आज १८ संघ आहेत. नावातच हिशेब चुकलेल्या गटाची आकडेवारी जपूनच वाचायला हवी.

या गटात एकूण विजयांच्या यादीत सर्वांत वर आहे मिशिगन. १८ नोव्हेंबर २०२३ ला मेरीलँडला ३१-२४ हरवून मिशिगनने आपला हजारावा विजय नोंदवला. कॉलेज फुटबॉलमध्ये तिथे पोचणारा हा पहिला संघ. पण मिशिगनचा पहिला सामना १८७९ चा आहे, तर कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटने खेळायला सुरुवात केली १८९० मध्ये. अकरा हंगाम आधी दुकान उघडलं तर गल्ल्यात जास्त नाणी असणारच. टक्केवारी काढली की दोघेही ७३ च्या आसपास, खेटून उभे दिसतात. उलट रटगर्सने तर १८६९ मध्ये प्रिन्स्टनशी इतिहासातला पहिला आंतरविद्यापीठ सामना खेळला आणि जिंकला, तरी एकूण विजयांत तो मिशिगनच्या जवळपासही नाही. शिवाय बिग टेनमध्ये आला २०१४ मध्ये, म्हणून ‘गटातले विजय’ मोजायला बसलो तर त्याच्या दीडशे वर्षांपैकी जेमतेम दशकभराचाच हिशेब उरतो.

म्हणून टक्केवारी बरी, असं वाटतं. तिथेही खाचखळगे आहेत. १९९६ च्या आधी नेहमीच्या सामन्यांत जादा वेळ खेळवत नसत, त्यामुळे बरोबरी सर्रास व्हायची. तिला अर्धा विजय धरायची पद्धत आहे. २४ नोव्हेंबर १९७३ ला मिशिगन आणि ओहायो स्टेट दोघेही अपराजित म्हणून भिडले आणि १०-१० वर थांबले. त्या काळी बिग टेनचा नियम असा, की हंगामानंतर एकच संघ रोझ बोल या मानाच्या सामन्याला जाईल. कोण जाणार हे विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांनी मतदानाने ठरवलं, आणि मतं पडली ओहायो स्टेटच्या पारड्यात. त्यांनी रोझ बोलमध्ये सदर्न कॅलिफोर्नियाला ४२-२१ हरवलं आणि खात्यात एक विजय जमा केला. मिशिगन एकही सामना न हरता घरी बसलं. आज आपण दोघांच्या बेरजा शेजारी मांडतो, तेव्हा त्यात ते मतदानही बेमालूम मिसळलेलं असतं.

खतावणीत यापेक्षा विचित्र नोंदी आहेत. नियमभंगाबद्दल ओहायो स्टेटचे २०१० च्या हंगामातले सगळे १२ विजय नंतर रद्द झाले. पण रद्द झालेला विजय प्रतिस्पर्ध्याला मिळत नाही. त्या वर्षी मिशिगन त्यांच्याकडून ३७-७ ने हरलं होतं. मिशिगनच्या वहीत तो पराभव अजून आहे, ओहायोच्या वहीत विजय नाही. हरणारा आहे, हरवणारा गायब! पेन स्टेटचे तर २०१२ मध्ये ११२ विजय पुसले गेले आणि जानेवारी २०१५ मध्ये परत लिहिले गेले. मैदानावर एक चेंडूही न हलता बेरीज खाली गेली आणि वर आली.

हंगामाची लांबीही सारखी नाही. १९५० च्या दशकात वर्षाला नऊ-दहा सामने होत. १९७० पासून ११ ला परवानगी मिळाली, २००६ पासून १२ ला. पुढे गटाचा अंतिम सामना आणि राष्ट्रीय बाद फेरी धरून चांगला संघ आता १६ सामनेही खेळतो. त्यामुळे आजचं एक सोनेरी वर्ष जुन्या दीड वर्षाइतके विजय देतं.

आता नशिबाकडे. बारा नाणी घ्या आणि उडवा. छापा म्हणजे विजय. आता दुसऱ्या संघासाठी पुन्हा बारा उडवा. दोन्ही संघ बळाने अगदी समान, कारण नाणी तीच. तरीही त्यांच्या विजयांत चार किंवा जास्त फरक पडण्याची शक्यता १५ टक्के निघते. म्हणजे एक संघ ८-४ (८ विजय, ४ पराभव), दुसरा ४-८, आणि दुसऱ्याच्या प्रशिक्षकाची नोकरी धोक्यात. कारण काय, तर नाणं.

सामने वाढवले की नशिबाचा हा गोंगाट विरत जातो, पण फार सावकाश. नियम वर्गमुळाचा आहे : नशिबाचा वाटा निम्मा करायचा तर सामने चौपट लागतात. दहा वर्षांत १२० सामने धरले, तरी दोन तुल्यबळ संघांत निव्वळ नशिबाने सातआठ विजयांचा फरक सहज पडतो. ‘गेल्या दशकात आमचे ७० आणि तुमचे ६३’ अशी फुशारकी कुणी मारली, तर शांतपणे चहा प्यावा. फरक १५-१६ च्या पुढे गेला की मान वर करून बघावं.

मग शंभर वर्षं घेऊ या की! गोंगाट खूपच कमी होईल. होतो, पण तेवढ्यात मोजायची वस्तूच बदललेली असते. कॉलेजचा खेळाडू चार-पाच वर्षांत निघून जातो. व्यावसायिक क्लबसारखा एखादा तारा दशकभर टिकत नाही. १९३४ चा मिनेसोटा आणि २०२४ चा मिनेसोटा यांच्यात समान काय? जर्सीचा रंग आणि राज्याचं नाव. १९३४, ३५, ३६, ४० आणि ४१ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिनेसोटाने बर्नी बिअरमन या प्रशिक्षकाच्या हाताखाली मिळवली. गटाचं शेवटचं विजेतेपद मात्र १९६७ चं, तेही वाटून घेतलेलं. त्यांच्या एकूण बेरजेत पणजोबांची कमाई नातवंडांच्या नावावर दिसते.

शिकागो विद्यापीठाचं उदाहरण याहून टोकाचं. हा बिग टेनचा संस्थापक सदस्य, एकेकाळचा दादा संघ, सात वेळा गटविजेता. १९३९ मध्ये त्यांनी मोठ्या स्तरावरचं फुटबॉल बंदच केलं. विषयांतराचा मोह आवरत नाही म्हणून सांगते : ज्या स्टॅग फील्डवर ते विजय मिळाले, त्याच्याच पश्चिमेकडच्या प्रेक्षक गॅलरीखाली २ डिसेंबर १९४२ ला एनरिको फर्मीच्या चमूने जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. वर रिकाम्या पायऱ्या, खाली ग्रॅफाइटच्या विटांची रास आणि युरेनियम. फुटबॉल सोडल्याचा विज्ञानाला इतका थेट फायदा दुसरीकडे झालेला मला माहीत नाही.

तर पेच असा आहे. काळाची खिडकी लहान घेतली तर दिसतं नशीब, मोठी घेतली तर दिसतात भूतं. संख्याशास्त्रात हा पेच सगळीकडे भेटतो, पावसाच्या सरासरीपासून औषधांच्या चाचण्यांपर्यंत, आणि ‘बरोबर’ खिडकी सांगणारं सूत्र नाही. माझं मत विचाराल तर कॉलेज फुटबॉलला दहा ते पंधरा वर्षं ठीक; जुन्या सामन्यांना शून्य न करता हळूहळू कमी वजन देत जावं.

आणखी एक गोष्ट उरली : कोणाशी खेळून जिंकलात? गटाबाहेरचे सामने विजय फुगवायला सोयीचे. हंगामाच्या सुरुवातीला लहान कॉलेजांना पैसे देऊन बोलवायचं आणि चोपायचं, ही जुनी रीत. कधीकधी ती अंगाशीही येते. १ सप्टेंबर २००७ ला मिशिगनने असंच खालच्या विभागातल्या अ‍ॅपलाचियन स्टेटला बोलावलं आणि घरच्या मैदानावर, लाखावर प्रेक्षकांसमोर ३४-३२ ने हरलं. पण बहुतेक वेळा यजमानच जेवतो.

गटातलेच सामने मोजले तर ही फुगवणूक थांबते. गटात एकाचा विजय म्हणजे दुसऱ्याचा पराभव, म्हणून सगळ्या संघांचा मिळून हिशेब बरोबर ५० टक्के भरलाच पाहिजे (रद्द विजयांची ती भानगड सोडून). अख्खा गट एकाच वेळी ‘बलाढ्य’ होऊ शकत नाही. पण १८ संघांत जोड्या होतात १५३. प्रत्येकाने गटात ९ सामने खेळायचे तर एकूण सामने ८१. म्हणजे दरवर्षी ७२ जोड्या एकमेकींचं तोंडही पाहत नाहीत! एकाच्या वाट्याला ओहायो स्टेट आणि ओरेगन, दुसऱ्याच्या वाट्याला दोन्ही नाहीत. दोघांचे सहा-सहा विजय सारखे कसे?

यावर तोडगा आहे आणि तो सुंदर आहे. जर्मन गणिती झर्मेलोने तो १९२९ मध्ये बुद्धिबळासाठी मांडला, आणि ब्रॅडली व टेरी यांनी १९५२ मध्ये स्वतंत्रपणे. प्रत्येक संघाला एक अज्ञात ‘बळ’ द्यायचं. एकाचं बळ ३ आणि दुसऱ्याचं १ असेल, तर पहिला चारांतले तीन सामने जिंकेल असं धरायचं. मग झालेल्या सगळ्या निकालांशी सर्वांत चांगली जुळतील अशी बळं संगणकाकडून शोधून घ्यायची. पर्ड्यू आणि वॉशिंग्टन भेटले नसतील, पण दोघेही कुणा तिसऱ्याशी खेळलेले असतात, तो तिसरा चौथ्याशी. आणि या धाग्यांतून तुलना पोचते. लग्न जमवताना ‘त्यांच्या आत्याचे दीर आमच्या ओळखीचे’ म्हणत आपण माहिती काढतो, साधारण तसंच. इथे बेरीज मागे पडते. बलाढ्यांशी खेळून मिळवलेले विजय दुबळ्यांशी खेळून मिळवलेल्या तेवढ्याच विजयांहून जास्त बोलतात.

पण हे सगळं झाल्यावरही इंडियाना आहेच. शीर्ष विभागात सर्वाधिक पराभवांचा नकोसा मान वर्षानुवर्षे इंडियाना आणि नॉर्थवेस्टर्न यांच्यातच फिरत आलेला. २०२३ मध्ये इंडियानाचे ३ विजय, ९ पराभव. मग कर्ट सिग्नेटी हा नवा प्रशिक्षक आला, येताना आपल्या जुन्या विद्यापीठातले बरेच खेळाडू घेऊन आला. २०२१ पासून खेळाडूंना विद्यापीठ बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली आहे, त्याचा हा पुरेपूर उपयोग. २०२४ मध्ये ११-२. २०२५ च्या हंगामात १६ पैकी १६ आणि राष्ट्रीय विजेतेपद. शंभर वर्षांचा कुठलाही ताळेबंद मांडून हे कुणाला सांगता आलं नसतं. संघच जर दोन उन्हाळ्यांत नव्याने बांधता येत असेल, तर माझी दहा-पंधरा वर्षांची खिडकीही बहुधा लांबच पडणार.

भाच्याला हे सगळं फोनवर ऐकवलं. ब्रॅडली-टेरीपर्यंत त्याने निमूटपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बरं. पण पोहऱ्याला जुन्या कड्यांचं वजन कमी होत नाही ना, मावशी?”