ऊतक-ताठरता मापन

शरीरातील मऊ ऊतक दाबाला किती विरोध करते, हे स्पर्शाने किंवा यंत्राने ठरवण्याची पद्धत. काठिण्य व ताठरता हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. ते वेगळे ठेवणे आवश्यक आहे. काठिण्य म्हणजे टोक रुतवताना पृष्ठभागाने केलेला प्रतिकार. त्वचा कडक होणाऱ्या स्क्लेरोडर्मा या विकारात रबर-तपासणीचे ड्युरोमीटर त्वचेवर टेकवून तो मोजतात. ताठरता म्हणजे प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरील बल) व विकृती (त्यामुळे आकारात पडणारा सापेक्ष फरक) यांचे गुणोत्तर, म्हणजेच यंगचा गुणांक. मऊ ऊतकांसाठी तो किलोपास्कलमध्ये देतात.

या विद्येचा आरंभ कोठे मानावा, यावर मतभेद आहेत. एडविन स्मिथ पपायरस या प्राचीन इजिप्तमधील वैद्यकीय लेखात (प्रत इ.स.पू. सुमारे १६००, मूळ मजकूर बहुधा बराच जुना) छातीवरील गाठीवर हात ठेवून पाहण्यास सांगितले असून तिची तुलना कच्च्या, टणक फळाशी केली आहे. अष्टांगहृदयात रोगपरीक्षेच्या दर्शन, स्पर्शन, प्रश्न या त्रयीत स्पर्श येतो. मात्र ही परीक्षा झाली, मापन नव्हे. यंत्राधारित मापनाचे श्रेय सामान्यतः जोनाथन ओफिर व सहकाऱ्यांच्या १९९१ मधील लेखाला देतात. ‘इलॅस्टोग्राफी’ (ताठरतेचे चित्रण) ही संज्ञा तेथूनच रुळली. तथापि अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर येथे लर्नर, पार्कर यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातच बाहेरून कंपन देऊन ऊतकाची हालचाल ध्वनिलहरींनी टिपली होती. नावापेक्षा कृतीला महत्त्व द्यायचे, तर हा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. एमआरआयवर आधारित पद्धत १९९५ मध्ये पुढे आली.

नेहमीच्या सोनोग्राफीत ताठरता का दिसत नाही, हा कळीचा मुद्दा आहे. सोनोग्राफीतील तरंग ऊतक पुढेमागे दाबत सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. हा वेग आकारमान घटण्यास होणाऱ्या विरोधावर ठरतो आणि पाण्याने भरलेल्या सर्वच मऊ ऊतकांत तो विरोध जवळपास सारखा असतो. कर्तरी तरंगात मात्र कण आडवे हलतात; त्याचा वेग सेकंदाला अवघा १ ते १० मीटर असून तो ताठरतेबरोबर वाढतो. गुणांक हा घनता व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या सुमारे तिप्पट येतो. म्हणून वेग १.४ वरून २ मीटर झाला, की ताठरता सुमारे ६ वरून १२ किलोपास्कलवर जाते. वेग मोजण्यातली लहानशी चूकही त्यामुळे उत्तरात वाढून येते. द्रवातून कर्तरी तरंग जात नाही. पोटात पाणी झालेल्या रुग्णात फायब्रोस्कॅन (कर्तरी तरंगाच्या वेगावरून यकृताची ताठरता मोजणारी तपासणी) याच कारणाने निष्फळ ठरतो. यकृताला सूज असेल किंवा नुकतेच जेवण झाले असेल, तर यकृतात व्रणऊतक (फायब्रोसिस) नसतानाही आकडा चढतो. उपाशीपोटी या, असे बजावतात ते यासाठी.

मुंबईत स्पर्शपरीक्षेचा एक मोठा अभ्यास झाला, त्याची दखल येथे घेतलीच पाहिजे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून शहरातील वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, केवळ बोटांनी केली. २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष आले: तपासलेल्या गटात कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडत होता. सर्व वयोगट मिळून स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंच्या दरातील सुमारे १५ टक्के घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरली नाही; पन्नाशी गाठलेल्या व त्यापुढील स्त्रियांमध्ये मात्र ती जवळपास ३० टक्के होती.