पाचवी ते आठवीची चार्टर शाळा आणि सातवीतल्या मोकळ्या जागा: बॉस्टनची पार्श्वभूमी

चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभाराने चालणारी, अर्ज जास्त आले तर सोडतीने प्रवेश देणारी शाळा. अमेरिकेत मिनेसोटाने १९९१ मध्ये पहिला चार्टर कायदा केला, बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्सने १९९३ मध्ये. इथल्या पहिल्या शाळा १९९५ मध्ये भरल्या. लांबलेला शाळेचा दिवस, गणवेश, कडक शिस्त, गणिताचे जादा तास यावर पुष्कळ लिहून झालेलं आहे. छोट्या चार्टर शाळेचं खरं गणित ठरवलं ते राज्याच्या २०१० च्या कायद्याने.

त्या कायद्याने दोन गोष्टी एकदम केल्या. निकालात तळाला असलेल्या शालेय जिल्ह्यांत (स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या विभागांत) चार्टरकडे वळवता येणाऱ्या शालेय खर्चाची मर्यादा ९ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने १८ वर नेली. बदल्यात, १५ फेब्रुवारीपर्यंत मोकळी झालेली जागा प्रतीक्षा यादीतून भरायची अशी अट घातली. मात्र शाळेच्या वरच्या अर्ध्या इयत्तांना त्यातून सूट मिळाली. पाचवी ते आठवीच्या शाळेत सातवी आणि आठवी म्हणजे नेमक्या याच इयत्ता.

आता बॉस्टनच्या परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या नामवंत सरकारी शाळा मुलं घेतात तीही सातवीत. म्हणजे सहावीनंतर हुशार मुलं तिकडे जाणार आणि मागे राहिलेली जागा भरायचं बंधन नाही. टीकाकार म्हणतात, कच्ची मुलं गळतात म्हणून आठवीचा निकाल चांगला दिसतो. हे अर्धंच खरं. गळणाऱ्यांत पक्कीही असतात. शिवाय सोडतीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत मधेच शाळा सोडलेली मुलंही धरली होती, आणि तरीही गणितातली वाढ ठळक निघाली. सातवीत नव्याने आलेल्या मुलाला मागचं भरून काढणं जड जातं, हा शाळांचा युक्तिवादही पोकळ नाही. पण दाराबाहेर रांग आहे म्हणायचं आणि आतली जागा मोकळी ठेवायची, हे काही पटत नाही.

त्या रांगेचा आकडाही वादातच होता. एकच मूल अनेक शाळांत अर्ज करतं, जुन्या याद्या पुढच्या वर्षीही ओढल्या जातात. सरकारी लेखापरीक्षणाने २०१४ मध्येच या आकडेवारीवर बोट ठेवलं होतं. तरी २०१६ च्या जनमताच्या प्रचारात तीस हजारांवर मुलं ताटकळताहेत हाच मुख्य मुद्दा होता. वर्षाला आणखी १२ चार्टर शाळांना परवानगी द्यायचा तो प्रस्ताव ६२ टक्के मतांनी पडला.

पुढे २०१९ मध्ये चार्टरकडे जाणाऱ्या पैशाबद्दल शालेय जिल्ह्यांना राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईचं सूत्र बदललं. महामारीत बॉस्टनच्या त्या नामवंत सरकारी शाळांची प्रवेश परीक्षा वर्षभर थांबली आणि २०२१ मध्ये निकषांत राहत्या परिसराच्या आर्थिक-सामाजिक परिस्थितीचा विचार आला, त्यामुळे सहावीनंतर कोण जातं हेही बदललं. दरम्यान काही छोट्या शाळांनी स्वतःचं हायस्कूल जोडलं. पाचवी ते बारावी झालेल्या शाळेत वरचा अर्धा भाग नववीपासून सुरू होतो, त्यामुळे तिला सातवीची जागा भरावीच लागते.