पहिलं नाणं घेतलंत? मग हा कागद फेकू नका

नाण्यासोबत पिशवीत हा कागद मुद्दाम टाकलाय, कारण छंदात नवीन आलेल्यांच्या त्याच त्याच चुका आम्ही काउंटरवर रोज बघतो आणि दरवेळी तेच सांगून आमचाही घसा बसतो.

सगळ्यात आधी, हात जोडून सांगतो, नाणं घासू नका. आजीच्या ट्रंकेत राणीछाप रुपया सापडतो, काळा पडलेला असतो, मग घरातलं कुणीतरी उत्साहाने चिंच-मीठ नाहीतर टूथपेस्ट लावून तो आरशासारखा करतं आणि खुशीत आमच्याकडे घेऊन येतं, आणि भिंगाखाली धरला की सगळीकडे बारीक ओरखडे. अहो, तो काळपटपणा म्हणजे घाण नाही, चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला थर आहे, आम्ही त्याला टोनिंग म्हणतो आणि जाणकार गिऱ्हाईक त्याचेच जास्त पैसे मोजतं. एकदा घासलं की गेलं, मग साधा रुपया असेल तर चांदीच्या वजनावरच जातो. शिवराईचं, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याचं, तर विचारूच नका, तांब्यावरची अक्षरं आधीच झिजलेली, 'श्री राजा शिव' मधलं जेमतेम 'राजा' दिसत असतं तेही घालवून बसाल. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, मऊ कापडावर टिपून घ्या, चोळू नका, बास.

दुसरं, जुनं म्हणजे महाग असं काही नसतं. १८६२ चा राणीचा रुपया हातात आला की लोकांना लॉटरी लागल्यासारखं होतं, पण टांकसाळींनी साल न बदलता १८७४ पर्यंत तेच रुपये पाडले, त्यामुळे ते ढिगाने मिळतात (त्यातल्या काही व्हरायटी दुर्मिळ आहेत, ठिपके मोजून ओळखतात, पण तो पुढचा अभ्यास). भोकाचा पैसाही तसाच, घरोघरी सापडतो. उलट १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया वयाने केवढा लहान, पण खरा सहसा दिसत नाही, आणि म्हणूनच नकली भरपूर.

नकलीवरून आठवलं, डिजिटल वजनकाटा आणि चुंबक आधी घ्या, नाणी नंतर. १८३५ पासूनचा ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळा. त्यात १९३९ पर्यंत चांदी ९१.७ टक्के, १९४० पासून निम्मीच, वजन मात्र तेच. झिजून थोडं कमी भरेल, पण दहा ग्रॅमचा 'रुपया' कुणी दिला तर नमस्कार करून निघा. आणि १९४७ चा वाघाचा रुपया चांदीचा म्हणून घेऊ नका, तो निकेलचा आहे, चुंबकाला टकन चिकटतो.

राम-सीता-हनुमान, खाली ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ साल, असं 'नाणं' महिन्यातून एकदा तरी कुणी दाखवतंच. कंपनीने ते कधी पाडलेलंच नाही. ते चमत्कारी आहे, तांदूळ स्वतःकडे ओढतं म्हणून कुणी लाखो सांगत असेल तर तो तुम्हालाच ओढतोय. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांना लाखो देतो म्हणणारे फोनही तसलेच, आधी कमिशन मागतात, टॅक्स मागतात, मग फोन बंद. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की असल्या व्यवहारांशी आमचा संबंध नाही आणि आमच्या नावाने कमिशन घ्यायला कुणालाही नेमलेलं नाही.

ठेवायचं कसं? स्वस्तातला मऊ पीव्हीसी अल्बम नको, काही वर्षांनी त्यातून हिरवट चिकट थर सुटतो आणि नाण्याला धरतो. रबरबँड नको, चांदी काळी पडते. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल टाका, नाणं कडेने धरा.

आणि हो, कायद्याचं. शेत नांगरताना हंडा लागला तर तो आमच्याकडे आणू नका, आम्ही हातही लावणार नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परदेशी पाठवता येत नाही, अगदी अमेरिकेतल्या भाच्याला वाढदिवसाला म्हणूनसुद्धा नाही. तो दिवाळीत आला की इथेच दाखवा.