धर्मादाय रुग्णालयातली खाट मागायला आमदाराची चिठ्ठी लागत नाही

‘ट्रस्टच्या हॉस्पिटलात गरिबांना फुकट उपचार मिळतात, पण त्यांची मर्जी असेल तर. चिठ्ठी आणा, मग बघू.’ हा समज महाराष्ट्रात वर्षानुवर्षे फिरतोय आणि तो चुकीचा आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधलं कलम ४१कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. या दोन्ही गटांसाठीची उत्पन्नाची मर्यादा सरकार वेळोवेळी बदलतं. रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला पुरावा म्हणून चालतो. चिठ्ठीची अट योजनेत कुठेही नाही.

पैसा कुठून येतो, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. बाकीच्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’च्या स्वतंत्र खात्यात जमा होते. म्हणजे शेजारच्या खाटेवरचा, बिल भरणारा रुग्णही नकळत यात भागीदार असतो. निर्धन रुग्णाची औषधं, इम्प्लांट (शरीरात बसवायची साधनं) यांचा खर्च याच निधीतून, रुग्णालयाच्या खरेदी किमतीने धरायचा असतो. खाट, नर्सिंग यांचे पैसे लावायचेच नसतात.

तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून, प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार देणंही बंधनकारक आहे. खाटा भरलेल्या असू शकतात, हे खरं. पण नकार मिळाला तर तक्रार जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात करायची, आणि लेखी करायची.